घरामागची माती

सातबाऱ्यावर नाव नाही, मग कसली शेती, असे आपल्यातील अनेकजण म्हणतात. पण श्रीगोंद्याच्या वस्त्यांत कितीतरी घरांमागे दहा बाय दहाची जागा नुसती पडून असते. आम्ही तेथे भाजी लावली आणि पहिल्या वर्षी पुरते फसलो, ते आधी सांगतो.

ऊस तुटला की आपल्याकडे फडातले पाचट पेटवून देतात. फुकटचे म्हणून आम्ही दोन भारे आणले, तसेच मातीत गाडले व वर पालक टाकला. पालक उगवला आणि पिवळा पडला. पाचट कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतला नत्र आधी स्वतःसाठी ओढतात, पिकाला उरत नाही. जमा होण्याआधीच खर्च मांडावा, तसे झाले. आम्ही हिशेबातली माणसे असून!

दुसऱ्या खेपेला पाचट वीत-वीत तोडून कोपऱ्यात ढीग रचला. पाचटाचा थर, त्यावर भाजीची देठे, हिरवे गवत, चहाचा चोथा व ओंजळभर जुनी माती. शेण मात्र हवे. ज्यांच्या दारी जनावर नाही त्यांना पाटीभर शेणासाठी दुसऱ्याच्या गोठ्यापुढे उभे राहणे नको वाटते. आम्हालाही वाटले. मग शेजारच्या शेळ्यांच्या लेंड्या भिजवून, ठेचून टाकल्या. काम उत्तम झाले. मूठभर माल आवळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये, एवढाच ओलावा ठेवावा. ढीग पोत्याने झाकावा, पंधरा दिवसांनी वरखाली करावा. चार-पाच महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते.

भगिनींनो, चुलीची राख वाफ्यात रोज ओतू नका. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, राखेने ती आणखी बिघडते. कपडे धुतलेले सोड्या-पावडरीचे पाणीही नको. त्याने जमीन चोपण होते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घाला.

महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरचा कुजलेला पालापाचोळा पावसाबरोबर शेतात उतरून जमीन कशी सुपीक होई, हे लिहून ठेवले आहे. आपल्या घरामागे डोंगर नाही, म्हणून ढीग रचायचा.

फडकऱ्याला विचारून पाचट जानेवारीतच आणावे. फेब्रुवारीच्या आरंभी ढीग लागला, तर मृगापर्यंत खत हाती येते. त्यावर आधी घेवडा व वांगी लावावीत. पालकाचे आम्ही यंदा पुन्हा पाहणार आहोत.