डेमो पाहून नव्हे, आपलीच पुस्तके शोधून ठरवा

इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तके धुंडाळणाऱ्यांना पहिल्याच काही पानांवर एक शिक्का वारंवार दिसतो. तो असतो ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचा. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली उभारलेल्या या संस्थेची शेकडो पुस्तके ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात स्कॅन झाली. काम मोलाचे होते, पण नोंदी करताना त्याची माती झाली. मराठी शीर्षके मोडक्यातोडक्या रोमन लिपीत चढवली गेली, कुठे लेखकाचे नाव गळले, कुठे वर्ष चुकले. पुस्तक तिथे असते, पण देवनागरीत नाव टाकणाऱ्या वाचकाला ते सापडत नाही. पुढे प्रकल्पाचे संकेतस्थळही बंद पडले. कार्ल मालामूद यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ संस्थेने लाखो पुस्तकांच्या प्रती उतरवून अर्काइव्हवर ठेवल्या म्हणून ती आज निदान पाहता तरी येतात.

ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके सांभाळायला सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने ही हकिगत समोर ठेवावी. मराठी नाव टाकले की पुस्तक सापडते का? आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचे ठरले, तर आपल्या नोंदी आणि स्कॅन जसेच्या तसे बाहेर नेता येतात का? बाकी सगळे प्रश्न या दोहोंच्या नंतरचे.

प्रत्यक्षात खरेदी वेगळ्याच निकषांवर होते. विक्रेता येतो, चार इंग्रजी पुस्तके शोधून दाखवतो, मोबाइल अ‍ॅप उघडतो, रंगीत आलेख काढतो. महाविद्यालय असेल तर दर्जा तपासणाऱ्या नॅकचा दट्ट्याही असतो. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचे संगणकीकरण, ई-संसाधनांची वर्गणी आणि त्यांचा वापर यांना गुण आहेत. त्यामुळे समितीची भेट जवळ आली की खरेदीची घाई होते आणि भेट संपली की लॉगिनचे कागद कपाटात जातात.

मुळात छापील पुस्तकांसाठी घडवलेले सॉफ्टवेअर ई-संसाधनांना पुरत नाही. त्याला प्रत, दाखलअंक, देवघेव आणि दंड एवढे कळते. ई-जर्नल मात्र भाड्याच्या घरासारखे असते: करार किती वर्षांचा, एका वेळी किती जणांनी वाचायचे, घरून उघडते का, वर्गणी थांबली तर जुने अंक उरतात का, हे सारे नोंदवावे लागते. अमेरिकेतल्या डिजिटल लायब्ररी फेडरेशनने २००४ मध्येच या गरजांचा तपशीलवार आराखडा मांडला होता. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या आणि फुकट मिळणाऱ्या ‘कोहा’ या ग्रंथालयीन सॉफ्टवेअरमध्ये मात्र यासाठीचा स्वतंत्र विभाग थेट २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या आवृत्तीत आला. तेव्हा ‘आमच्याकडे कोहा आहे’ एवढ्यावर थांबू नये. आवृत्ती कोणती, ते विचारावे.

खरी कसोटी मराठीची. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. इतक्या जुन्या संस्थेच्या सूचीत मराठीची अनेक लेखनरूपे एकत्र नांदतात. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘लक्षांत’, ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आहेत. आजचा वाचक ‘लक्षात’ टाइप करणार. शीर्षकात ‘लक्षांत’ असलेली हरि नारायण आपट्यांची कादंबरी त्याला मिळेल का? ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह आणि ‘ॲनिमल’मधला ॲ युनिकोडमध्ये दोन-दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे, आणि कच्चे सॉफ्टवेअर एक शोधताना दुसरे गाळते. ‘पु. ल.’ टाकल्यावर पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांची सगळी पुस्तके आली पाहिजेत. युनिकोडच्या आधी जुन्या फाँटमध्ये भरलेल्या नोंदींचे रूपांतर कोण करणार आणि किती पैशांत, हेही आधीच ठरायला हवे. विक्रेत्याच्या डेमोत यातले काहीच येत नाही. म्हणून ग्रंथपालांनी आपल्याच कपाटातली शंभर अवघड शीर्षके निवडावीत, विक्रेत्याला ती भरायला लावावीत आणि शोधायला नेहमीच्या सभासदांना बसवावे.

महाविद्यालयांनी आणखी एक हिशेब मांडावा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘एन-लिस्ट’ योजना अनुदानित महाविद्यालयांना वर्षाकाठी थोडक्या शुल्कात हजारो ई-जर्नल्स देते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले; त्यात सुमारे १३,००० जर्नल्स आहेत आणि आरंभी ती सरकारी संस्थांसाठी आहे. हाताशी असलेलेच किती उघडले जाते? कोणते जर्नल किती वेळा वाचले गेले हे मोजण्यासाठी ‘काउंटर’ नावाचे जागतिक प्रमाण आहे आणि मोठे प्रकाशक त्यानुसार आकडे देतात. नवे सॉफ्टवेअर हे आकडे आपोआप आणून खर्चाशेजारी मांडत नसेल, तर ग्रंथपालाला तेच काम हाताने करत बसावे लागणार.

फुकटचे सॉफ्टवेअरही पूर्ण फुकट नसते. सर्व्हर लागतो, बॅकअप लागतो आणि मुख्य म्हणजे जाणता माणूस लागतो. सार्वजनिक वाचनालयांत, विशेषतः अनुदानावर चालणाऱ्या छोट्या संस्थांत, तोच नसतो. तुटपुंज्या पगारावर देवघेव सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून रात्रीतून निर्दोष सूची होणार नाही. पैसे थोडेच असतील तर ते आधी नीट नोंदी करणाऱ्या माणसावर खर्च व्हावेत. नोंदी चोख असल्या तर सॉफ्टवेअर पुढे बदलता येते. नोंदीच बिघडलेल्या असल्या तर महागडे सॉफ्टवेअरही त्या सुधारत नाही.

करारात दोन कलमे हवीतच: सर्व नोंदी मार्क २१ या प्रमाणित साच्यात आणि स्कॅन मूळ दर्जात, मागाल तेव्हा, वेगळे पैसे न घेता परत मिळतील, आणि विक्रेत्याने कंपनी बंद केली तरी संस्थेचा माल संस्थेकडेच राहील. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वाचनालयांच्या सभासदांनी पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ही कलमे वाचून दाखवायला सांगावीत. कार्यकारी मंडळाने ती लेखी मिळेपर्यंत धनादेशावर सही करू नये.