साध्या दिवसांचे मोल

वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत सणावाराचे, लग्नकार्याचे व यात्रेजत्रेचे दिवस ते किती? बाकीचे सारे दिवस साधे. सकाळी मुले उठतात, एक आंघोळीवरून रडते, दुसऱ्याची पाटी किंवा मोजा सापडत नाही. दिवस कामात जातो. सायंकाळी सर्व जण एका दिव्याखाली जेवतात व निजतात. अशा दिवसाची कोणी विचारपूस केली तर आपण सहज म्हणतो, "आज विशेष काही नाही." ज्या घरात लहान मुले आहेत त्या घराच्या तोंडी हे उत्तर शोभत नाही, असे आमचे मत आहे. आपण ज्यास 'विशेष काही नाही' म्हणून बाजूस सारतो, तेच मुलांचे बालपण होय. आणि पुढे त्यांच्या मनात उरते तेही बहुधा तेच.

आपल्या साहित्यात याची साक्ष आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १९१९ साली निवर्तले, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. पती मोठे कवी. त्यांच्या सभा, व्याख्याने व मानसन्मान यांनीच बाईंना पाने भरता आली असती. परंतु आज तो ग्रंथ मिटल्यावर वाचकाच्या मनात रेंगाळतो तो टिळकांचा संसार: त्यातील रुसवेफुगवे, अवचित आलेले पाहुणे, रिकामे डबे आणि त्या सर्वांतून उमटणारे हसू. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आई जाऊन तेव्हा पंधराहून अधिक वर्षे लोटली होती. कोठडीत त्यांना आठवले ते काय? आंघोळीनंतर तळव्यांस माती लागू नये म्हणून हट्ट धरणारे पोर, आणि त्याच्यासाठी दगडावर पदर पसरणारी माता. त्या माउलीच्या लेखी ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. ती पुढे मराठी घराघरांत वाचली जाईल, हे तिच्या स्वप्नातही आले नसेल.

आमच्या स्वतःच्या घरचा अनुभवही याहून निराळा नाही. आमचे वडील चिरंजीव आता शिक्षणासाठी परगावी असतात. मागील सुट्टीत ते घरी आले असता बालपणाच्या गोष्टी निघाल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना अजिंठ्याच्या सहलीची आठवण दिली, कारण तिच्यासाठी आम्ही उसने पैसे काढले होते. त्यांना त्यातले फारसे काही आठवेना. मात्र भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली म्हणजे आम्ही कंदिलाच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्यांचा ससा व हरीण करून दाखवीत असू, ते त्यांना जसेच्या तसे स्मरत होते. ज्या अंधाराबद्दल आम्ही तेव्हा रोज कुरकुर केली, त्यातच त्यांना त्यांचा आनंद सापडला होता!

हे कळूनही आम्ही शहाणे झालो असे म्हणवत नाही. गेल्या आश्विनातील गोष्ट. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या वऱ्हाडात मुलींची भुलाबाई असते. गाणी झाली की झाकलेला डबा वाजवून खिरापत ओळखावयास लावतात. शेजारच्या अंगणात हे पाहून आलेली आमची पाच वर्षांची धाकटी कन्या एक डबी घेऊन आमच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ओळखा." आम्ही उत्तरपत्रिका तपासीत होतो. "थांब," म्हणालो. ती तीन वेळा आली, तिन्ही वेळा आम्ही थांब म्हणालो. गठ्ठा संपवून उठलो तेव्हा ती डबी हातात धरून निजली होती. आम्ही ती हळूच उघडली. आत चार चिंचोके होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विचारले, "खिरापत ओळखू का?" ती म्हणाली, "संपली." उत्तरपत्रिका एक दिवस उशिरा तपासल्या असत्या तर काही बिघडले नसते, हे सांगावयास नकोच.

यावर कोणी पालक म्हणतील, "मास्तर, हे नोकरदाराचे बोलणे. भुलाबाईच्या दिवसांतच आमची सोयाबीनची सोंगणी येते. पहाटे शेतात जावे, रात्री परतावे, सुडीवर पाऊस पडेल की काय म्हणून आभाळाकडे पाहावे. आणि एवढे करून माल बाजारात नेला तर भाव पडलेला. आम्ही पोरांशी केव्हा खेळावे?" हा आक्षेप खरा आहे, व तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. अडचणीत असलेल्या माणसाला समाधानाचा उपदेश करणे सोपे असते. पिकाला योग्य भाव मिळाला पाहिजे. त्या मागणीऐवजी गोड शब्द पुढे करणे हा अन्याय होईल. परंतु आमचे मागणे अधिक वेळाचे नाहीच. जो वेळ मुलांच्या सहवासात जातोच, त्यात आपले मनही तेथे असावे, एवढेच आमचे म्हणणे.

या बाबतीत कै. ताराबाई मोडक यांचे कार्य आठवण्याजोगे आहे. आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. गरिबांची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी व अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीचे नाव देशभर पोहोचविले, आणि आज ते खेड्यापाड्यांत सर्वांच्या ओळखीचे आहे. मुलाला फुलण्यास राजवाडा लागत नाही. झाडलेले अंगण, चार बिया आणि लक्ष देणारे एक माणूस एवढ्यावर पुष्कळ काही होते, हे या बाईंनी दाखवून दिले.

तेव्हा पालकहो, तूर निवडताना मूल जवळ बसले तर त्याच्यापुढे मूठभर दाणे टाका व त्याची बडबड ऐका. शेतातून येताना ते वाटेत धावत आले तर रिकामा डबा त्याच्या हाती द्या. जेवताना मोबाईल दूर ठेवा. ही सूचना आम्ही प्रथम स्वतःलाच करतो. मुलगा मोठा अधिकारी व्हावा म्हणून त्याला लहान वयात अकोल्यास वा लातूरला शिकवणीस धाडण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी तो अवश्य करावा. पण तो घरी आहे तोवरचे दिवस केवळ त्या तयारीचे समजू नयेत. ते त्याच्या आयुष्याचेच दिवस आहेत.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरीही धाकटी भावंडे आहेत. ती तुमच्या पुस्तकावर येऊन बसतात, तुमची लेखणी पळवितात, हे आम्ही जाणतो. तरी सायंकाळी थोडा वेळ त्यांच्याबरोबर बसा. पुढील आश्विनात आमच्या घरची डबी पुन्हा वाजेल अशी आम्हांस आशा आहे. त्या वेळी गठ्ठा बाजूस ठेवून खिरापत ओळखावयाची, असा आमचा निश्चय आहे. तुमच्या घरी अशी कोणी डबी घेऊन आले, तर तुम्हीही त्याला 'थांब' म्हणू नका.