नाव सोनूबाई

गोल्ड स्पॉट नावाच्या नारिंगी पेयाविषयी जे हळवे लिखाण वारंवार प्रसिद्ध होत असते, ते वाचून प्रस्तुत लेखकास खेदापेक्षा विस्मयच अधिक वाटतो. ह्या लिखाणाचा मथितार्थ असा: मुंबईच्या पार्ले कंपनीचे हे स्वदेशी पेय आबालवृद्धांस प्रिय होते, 1993 साली कोकाकोला कंपनीने थम्स अप, लिम्का, माझा इत्यादिकांबरोबर ते विकत घेतले आणि स्वतःच्या फँटाची वाट मोकळी करण्याकरिता बाजारातून उठविले, सबब परकीय पेयाने देशी पेयाचा वध केला. ह्यातील घटना खऱ्या आहेत. तात्पर्य मात्र खोटे आहे. आणि ते खोटे असल्यामुळे ज्याचे खरोखर नुकसान झाले त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या फँटावर वधाचा आरोप आहे त्याचे कुलवृत्त प्रथम पाहू. 1940 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, कोकाकोलाच्या जर्मनीतील शाखेला अमेरिकेहून येणारा अर्क मिळेनासा झाला. तेव्हा एसेन येथील शाखाप्रमुख माक्स काइट ह्याने कारखाना बंद पडू नये म्हणून हाताशी सापडेल त्यातून नवेच पेय सिद्ध केले. चीज करताना निथळून जाणारे पाणी आणि सफरचंदे पिळून उरलेला चोथा ही त्याची मुख्य सामग्री. नाव शोधताना त्याने आपल्या माणसांस कल्पनाशक्तीला, जर्मन भाषेत 'फांटाझी'ला, मोकळे सोडावयास सांगितले. एका विक्रेत्याने तो शब्दच अर्धा तोडून पुढे केला आणि 'फँटा' हे बारसे झाले. 1943 साली ह्या पेयाच्या सुमारे 30 लक्ष पेट्या खपल्या. मात्र साखरेच्या दुर्भिक्षामुळे त्यातील काही भाग पेल्यात न जाता स्वयंपाकात गोडीसाठी खर्ची पडला. संत्र्याचा त्यात संबंध नव्हता. आज सर्वपरिचित असलेला नारिंगी फँटा पुढे 1955 साली इटलीतील नेपल्स येथे निघाला. तात्पर्य, हे पेय कोणत्याही फळाचे अपत्य नसून टंचाईचे अपत्य आहे. कल्पनेवरून त्याचे नाव ठेवणाऱ्या त्या विक्रेत्याइतका प्रामाणिकपणा पुढील जाहिरातदारांपैकी फारच थोड्यांनी दाखविला.

(2015 साली, पेयाच्या पंचाहत्तरीनिमित्त, जर्मनीत केलेल्या एका जाहिरातीत 'जुन्या चांगल्या दिवसां'ची आठवण काढण्यात आली. ते दिवस हिटलरचे होते हे लोकांनी दाखवून दिल्यावर कंपनीला जाहिरात मागे घ्यावी लागली. पेयांच्या आठवणी काढणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवण्यासारखा आहे.)

आता आपल्या स्वदेशी नायकाकडे वळू. 1977 साली कोकाकोलाने हिंदुस्थान सोडल्यावर पार्लेच्या पेयांना मैदान मोकळे मिळाले आणि गोल्ड स्पॉटची भरभराट झाली. पण ह्या सुवर्णनामक बाटलीत होते काय? पाणी, साखर, आम्ल, कोंडलेला वायू, रंग आणि सुवास. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! फँटात संत्रे नाही म्हणून तो परका ठरत असेल, तर ज्या राज्यात नागपूर आहे त्याच राज्यातील कंपनीने संत्र्यावाचून संत्र्याचे पेय विकावे, ह्याला स्वदेशी कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? एका नकलेने दुसऱ्या नकलेची जागा घेतली, इतकाच ह्या वधाचा वृत्तांत.

नक्कल किती दूरवर जाते ते पाहण्याजोगे आहे. खऱ्या रसाला स्वाभाविक गढूळपणा असतो. रंगीत पाण्याला तो नसतो. म्हणून सुवासिक तेल पाण्यात तरंगत राहून रसासारखा गढूळपणा टिकावा ह्यासाठी अशा पेयांत ब्रोमिनयुक्त वनस्पती-तेल घालण्याची प्रथा होती. ते आरोग्यास अपायकारक असल्याच्या शंकेवरून आपल्या सरकारने 1990 साली त्यास बंदी केली. अमेरिकेस तीच गोष्ट करावयास 2024 साल उजाडले. फळाचे गुण नकोत, पण फळाचा गढूळपणा हवा, अशी ही रसिकता!

"आम्हांला रसाशी कर्तव्य नाही, आम्ही आमच्या बालपणीची चव आठवतो," असे उत्तर येईल. बालपणावर आमचा आक्षेप नाही. पण ती चव संत्र्याची म्हणून विकली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांची जीभ अशी घडली की खरे संत्रे तिला आंबट व फिके वाटावे. ह्यात तोटा कोणाचा झाला? वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराचा. आंबिया बहराचा माल एकदम बाजारात येऊन भाव कोसळतो, तेव्हा त्याचे फळ घेईल असा कारखाना त्याला हवा असतो. आणि शहरातील संत्र्याच्या पेयाला त्याच्या संत्र्याची गरजच नसते.

जाणकार म्हणतील की नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला असता लिमोनिन नामक द्रव्यामुळे कडवट होतो, त्यामुळे तो बाटलीच्या कामाचा नाही. कडवटपणाची गोष्ट खरी आहे. परंतु तो काढून टाकण्याच्या रीती ज्ञात आहेत. ज्याला रसावाचून धंदा करता येतो त्याने त्या रीतींवर द्रव्य का वेचावे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इटलीने दिलेले आहे. संत्र्याच्या नावाने विकावयाच्या पेयात 12 टक्के रस असलाच पाहिजे असा तेथे 1958 सालापासून निर्बंध होता. 2018 पासून तो 20 टक्के करण्यात आला. तोच नारिंगी फँटा अमेरिकेत रसाच्या थेंबावाचून विकला जातो आणि इटलीत मात्र त्यास रस सोसतो!

आपल्याकडे काय आहे? फळ नसलेल्या पेयावर 'फळ नाही' असे बारीक अक्षरांत छापले की कर्तव्य संपले. वायुयुक्त फळपेय म्हणवून घ्यावयाचे असल्यास 10 टक्के, आणि लिंबाचे असल्यास 5 टक्के, रस घालावा असा नियम झाला आहे. परंतु ज्याला ते नामाभिधान नकोच आहे, त्याला नारिंगी रंगाची बाटली विकण्यास कोण अडवितो? 2014 साली पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी तुमकूर येथे पेय-कंपन्यांना निदान पाच टक्के रस मिसळण्याचे आवाहन केले. आवाहनाने रस पिळला जात नाही. इटलीत तो आवाहनाने पिळला गेला नव्हता.

गोल्ड स्पॉटच्या शोकसभेस जमलेल्या मंडळींनी आपले अश्रू आवरून एवढाच हिशेब करावा. इटलीचे 20 टक्के प्रमाण येथे लागू झाले, तर 200 मिलिलिटरच्या बाटलीत 40 मिलिलिटर रस पडेल. एका बऱ्यापैकी नागपुरी संत्र्यात ह्याहून अधिक रस असतो.