श्वास आणि विद्युत्

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तार छेडावी, चामड्यावर थाप द्यावी, धातूवर आघात करावा किंवा पोकळ नळींत वायु फुंकावा. वर्गांत हा भाग शिकवितांना आम्ही मोठ्या ठसक्यानें सांगत असूं कीं, जगांतील कोणतेंहि वाद्य आणा, तें या चारांपैकीं एका घरांत बसलेंच पाहिजे.

या सिद्धान्तास धक्का बसला तो आमच्या घरांतच. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या कनिष्ठ चिरंजीवांनीं एक तबकडी आणून लाविली. अमेरिकेंतील 'वेदर रिपोर्ट' या जॅझ वाद्यवृंदाची ती 'हेवी वेदर' नांवाची, १९७७ सालीं प्रसिद्ध झालेली कृति. दोन मिनिटें ऐकून आम्ही निकाल देऊन टाकिला, "हें यंत्राचें घरघरणें आहे, ह्यांत भाव कोठला?" चिरंजीवांनीं वाद घातला नाहीं. तबकडी उचलून ठेविली व पुन्हां आमच्यादेखत कधीं लाविली नाहीं. मौन म्हणजे संमति, असें शिक्षकाच्या संवयीनें आम्ही समजलों.

यंदा ते सुट्टींत घरीं आले तेव्हां आम्ही होऊन ती तबकडी मागितली, आणि या खेपेस ती शेवटपर्यंत ऐकिली.

त्या वृंदांत वेन शॉर्टर हे सॅक्सोफोन वाजवितात. बेल्जियममध्यें जन्मलेल्या अडॉल्फ साक्स या कारागिरानें पॅरिस येथें १८४६ सालीं या वाद्याचें पेटंट घेतलें. देह पितळेचा असला तरी त्याचा सूर निघतो तो बोरूसारख्या एका पोकळ तृणाच्या पातळ पट्टीच्या कंपनानें. म्हणजे तें निःसंशय सुषिर वाद्य होय. परंतु शेजारीं जो झाविनुल यांच्या हातीं आहे तें सिंथेसायझर. तेथें तार नाहीं, चामडें नाहीं, फुंकरहि नाहीं. विजेचें आंदोलन उत्पन्न करावयाचें, त्यांतील नको ते उपस्वर गाळावयाचे, सूर कसा उठावा व कसा विरावा हें ठरवावयाचें, आणि अखेरीस ध्वनिवर्धकाचा पडदा हालवावयाचा. भरतमुनींच्या चार घरांत याला जागा नाहीं.

तथापि या कृतींत 'अ रिमार्क यू मेड', म्हणजे 'तूं काढलेला एक उद्गार', या नांवाची सुमारें सात मिनिटांची एक संथ रचना आहे. तींत सॅक्सोफोन आर्जवानें कांहीं बोलतो. जॅको पास्टोरियस यांचें पडदे नसलेलें बास गिटार सरोदाप्रमाणें मींड घेत त्यास उत्तर देतें. आणि उत्तरार्धांत विजेचा सूर पुढें येतो. तो घाईनें येत नाहीं. तो थांबतो, किंचित् वांकतो, श्वास घेतल्यासारखा पुन्हां उठतो. माणूस बोलतो आहे कीं यंत्र, हा प्रश्न तेथें मनांत उरत नाहीं.

हें कसें साधलें असेल? झाविनुल हे १९३२ सालीं व्हिएन्ना येथें जन्मले, आणि बालपणीं त्यांनीं प्रथम हातीं धरलें तें अकॉर्डियन, म्हणजे भात्याचें वाद्य. श्वास कोठें घ्यावा व कोठें सोडावा हें त्यांचा हात लहानपणींच शिकला होता. विजेला श्वास नसतो. तो वादकानें आपल्या अंगचा द्यावयाचा असतो.

येथें आम्हांस आपली पेटी आठवली. तीहि परदेशांतून आलेली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं तिला मराठी रंगभूमीवर मान मिळवून दिला. तरी मींड निघत नाहीं, श्रुति साधत नाहींत, या दोषांस्तव आकाशवाणीनें १९४० सालीं तिला दार बंद केलें. तें पुन्हां किलकिलें झालें १९७१ सालीं. दोष खरे होते. परंतु त्या एकतीस वर्षांतहि भजनांत, बैठकींत व घरोघरीं पेटी वाजतच होती. वाद्याच्या दोषावरून वादकाचा निकाल लावतां येत नाहीं.

या रचनेचें नांव ऐकतांना आम्हांस आमचा स्वतःचाच उद्गार आठवावा, हा योगायोग म्हणावयाचा. उत्तरपत्रिका पुरती न वाचतां आम्ही कधीं गुण दिले नाहींत. आणि आपल्याच मुलानें प्रेमानें पुढें ठेवलेली गोष्ट मात्र दोन मिनिटांत नापास केली. शॉर्टर २०२३ सालीं निवर्तले, झाविनुल त्यापूर्वीं २००७ सालीं. त्यांच्या सुरास आमच्या निकालानें उणें आलें नाहीं. उणें आलें तें आमच्या घरांतील बोलण्यास. ज्यांच्या घरीं तरुण मंडळी नवें कांहीं आणून लावितात, त्या वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, निकाल द्यावयाचा तो द्यावा, पण तबकडी संपल्यावर.

ती संपली तेव्हां चिरंजीव ती उचलावयास उठले. आम्ही म्हणालों, "राहूं दे. ती दुसरी रचना पुन्हां एकदां लाव." कांहीं न बोलतां त्यांनीं ती लाविली, आणि या वेळीं ते आमच्याजवळच बसून राहिले.