चूक कोण पकडणार?

अमेरिकेत होमस्कूलिंगचा विचार करणाऱ्या मराठी घरांचं गाडं बहुधा एक-दोन विषयांपाशीच अडतं. गणिताचं दडपण कमी असतं, कारण आई-बाबांपैकी कुणीतरी एक इंजिनिअर निघतंच. अडचण येते ती इंग्रजी निबंधाची, अमेरिकेच्या इतिहासाची, कुणाकडे जीवशास्त्राची. 'हे मला कुठे येतं?' ही धास्ती खरी असते, आणि तिच्यावर एक भलीमोठी बाजारपेठ उभी आहे. पालकाने कोणतं वाक्य उच्चारायचं तेही छापून देणाऱ्या मार्गदर्शिका, शिक्षकाची जागा घेणारे व्हिडिओ, खोकं उघडलं की त्याच दिवशी सुरू करता येतील असे वर्षभराचे संच. सगळ्यांचा सूर एकच: तुम्हाला विषय येत नसला तरी बिघडत नाही, आमच्या संचाला येतो. माझं म्हणणं असं की, ज्या विषयात आपण कच्चे आहोत त्याचा अभ्यासक्रम निवडताना 'शिकवणार कोण' हा प्रश्न दुय्यम आहे. शिकवणारे भरपूर आहेत आणि त्यातले कित्येक फुकट आहेत. खान अकॅडमी २००८ पासून आहे, राइस विद्यापीठाची ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तकं २०१२ पासून कुणालाही उतरवून घेता येतात. आधी विचारायचं ते हे: मुलाने जे लिहिलं, सोडवलं, मांडलं, त्यातली चूक कोण पकडणार, आणि ती का झाली हे त्याला कोण सांगणार?

हा प्रश्न आपल्या वतीने दुसरं कुणी विचारेल अशी आशा नको. होमस्कूलिंग अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण देखरेखीच्या नावाने राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या लोकांची एवढी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत शाळेला कळवण्याचीही सक्ती नाही, टेक्सासमध्येही नाही. न्यू जर्सीच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र पालकाला निदान हायस्कूल झालेलं असावं लागतं आणि मुलाच्या कामाची फाइल दर वर्षी बाहेरच्या परीक्षकाला दाखवावी लागते. फाइलची ही अट मला योग्य वाटते, पण तीही अपुरीच. सप्टेंबरात रुजलेली चूक जूनमध्ये दिसली, तर तोवर ती सवय झालेली असते. करोनाच्या साथीने हा प्रश्न कितीतरी घरांपुढे आणला. २०२०च्या वसंतात होमस्कूलिंग करणारी घरं शाळकरी मुलं असलेल्या एकूण घरांच्या ५.४ टक्के होती आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ती ११.१ टक्क्यांवर गेली, असं जनगणना विभागाच्या पाहणीत दिसलं. त्यातली कित्येक घरं पुढे शाळेकडे परतली. पण 'आपल्याला न येणारा विषय कसा शिकवायचा' हा प्रश्न तोवर आपल्या ओळखीपाळखीच्या घरांतही येऊन पोहोचला होता.

पालक पात्र नसला तरी मुलं छान शिकतात, याला पुरावा म्हणून लॉरेन्स रुडनर यांचा १९९९चा अभ्यास हटकून पुढे केला जातो. वीस हजारांहून अधिक मुलं, गुण राष्ट्रीय सरासरीच्या पुष्कळ वर, आणि पालकाकडे शिक्षकाचं प्रमाणपत्र असण्या-नसण्याने काही फरक नाही. ऐकायला बरं वाटतं. पण ही सगळी मुलं एका खासगी चाचणी सेवेकडे आपणहून आलेल्या कुटुंबांतली होती. ज्यांनी चाचणीच दिली नाही ती त्यात नाहीत, आणि यावरून घरचं शिक्षण शाळेपेक्षा सरस ठरत नाही हे खुद्द रुडनर यांनीच बजावलं होतं. मला त्याहून बोलकं वाटतं ते रॉबर्ट कुन्झमन आणि मिल्टन गेथर यांनी २०१३ साली केलेल्या संशोधनाच्या आढाव्यातलं निरीक्षण. घरी शिकणाऱ्या मुलांची भाषेची बाजू सुधारते आणि गणिताची काहीशी मागे पडते, असा कल त्यांना अनेक अभ्यासांत मिळून आढळला. याचं माझ्यापुरतं स्पष्टीकरण असं: वाचत्या, बोलत्या घरात भाषेतली चूक दिवसभर कुणी ना कुणी दुरुस्त करत असतं. जेवताना, गाडीत, भांडताना. गणिताला घरात असा श्रोता नसतो. जिथे चूक पकडणारं माणूस आहे तिथे मूल पुढे जातं, जिथे नाही तिथे रेंगाळतं. आता आपल्या घरांचा विचार करा. घरात बोललं जातं ते मराठी किंवा मराठीमिश्रित इंग्रजी, आणि लेखी इंग्रजी म्हणजे ऑफिसची ईमेल. म्हणजे अमेरिकी सरासरी कुटुंबाला भाषेत जी आयती मदत मिळते ती आपल्याकडे निबंधाला मिळेलच असं नाही.

मग गणितात तरी आपण निर्धास्त आहोत का? लिपिंग मा यांच्या १९९९च्या प्रसिद्ध पुस्तकात प्राथमिक शिक्षकांना एक साधं उदाहरण घातलं आहे: पावणेदोनला अर्ध्याने भागा, आणि या भागाकाराला लागू पडेल अशी एखादी गोष्ट सांगा. तेवीस अमेरिकी शिक्षकांपैकी एकवीस जणांनी ते सोडवायला घेतलं, नऊ जणांचं उत्तर बरोबर आलं आणि बरोबर गोष्ट एकालाच सांगता आली. बहात्तरच्या बहात्तर चिनी शिक्षकांचं उत्तर बरोबर, आणि पासष्ट जणांना गोष्टही जमली. हे चिनी शिक्षक पदवीधर नव्हते. नववीनंतर दोन-तीन वर्षं अध्यापनाचं शिक्षण, एवढीच त्यांची शिदोरी. आपल्यातल्या इंजिनिअर पालकाला साडेतीन हे उत्तर तोंडी देता येईल. पण पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील, ही त्या भागाकाराची गोष्ट आहे आणि तेच कापड दोघांत वाटलं तर ती वेगळीच गोष्ट होते, हे दहा वर्षांच्या मुलाला नेमकं कुठे निसटतं ते ओळखणं हे वेगळं ज्ञान आहे. मिचेल नेथन आणि अँथनी पेट्रोसिनो यांनी २००३ साली दाखवलं की, उच्च गणित शिकलेल्या भावी शिक्षकांना समीकरणं सोपी आणि शाब्दिक उदाहरणं अवघड वाटतात; प्रत्यक्षात नवख्या मुलांचं बऱ्याचदा उलटं असतं. आपल्याला हे मराठीत रोज अनुभवायला मिळतं. इथे वाढलेलं मूल 'मी पोळी खाल्लो' म्हणालं की आपले कान टवकारतात, 'खाल्ली' असं आपण लगेच सांगतो. पण बोलणारा मुलगा असताना क्रियापद पोळीच्या मागे का गेलं हे विचारलं की गडबडतो. चूक पकडता येते, समजावता येत नाही. निबंधात तर ती पकडताही येत नाही. या दोन उणिवा निराळ्या आहेत आणि त्यांच्यासाठी लागणारे अभ्यासक्रमही निराळे.

'न येणारा विषयही शिकवता येतो' याचं एक देखणं उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात आहे. जोसेफ जाकोतो हा फ्रेंच प्राध्यापक १८१८ साली लूव्हेनमध्ये शिकवत होता. विद्यार्थ्यांना फ्रेंच येईना, त्याला त्यांची फ्लेमिश भाषा येईना. त्याने एका कादंबरीची द्विभाषी प्रत त्यांच्या हाती दिली, स्वतः काहीही समजावलं नाही, आणि विद्यार्थी फ्रेंचमध्ये चांगलं लिहू लागले. जाक राँसियेर या तत्त्वज्ञाने १९८७ साली यावर पुस्तक लिहिल्यापासून स्वयंशिक्षणाचे पुरस्कर्ते ही कथा आवडीने सांगतात. पण त्यात एक गोष्ट डोळ्यांआड होते. जाकोतोला फ्लेमिश येत नव्हतं, फ्रेंच उत्तम येत होतं, आणि विद्यार्थी लिहीत होते फ्रेंच. त्यांनी लिहिलेलं चांगलं आहे की नाही हे त्याला वाचताक्षणी कळत होतं. पुढे त्याने आपल्याला न येणारी चित्रकला आणि पियानोही शिकवल्याचं सांगितलं जातं; कथेच्या त्या भागावर माझा विश्वास कमी बसतो.

या कसोटीवर बाजारातले अभ्यासक्रम तपासले की त्यांचा क्रम बदलतो. गणितात बीस्ट अकॅडमीच्या सराव-पुस्तकांत मागे नुसती उत्तरं नाहीत, प्रत्येक उदाहरणाची रीत समजावून दिलेली आहे. मुलाने आपली रीत तिच्या शेजारी ठेवली की पालकाचं अर्धं काम होतं. सॅक्सनची पुस्तकं रूक्ष म्हणून बदनाम आहेत, पण जुने घटक पुन्हा पुन्हा सरावात येत राहिल्याने विसरलेलं लवकर उघडं पडतं. गणिताची भीती असलेल्या पालकाला हा रूक्षपणा परवडतो. 'सिंगापूर मॅथ'ची पातळ पुस्तकं पाहून आपण खूश होतो आणि पैसे वाचवायला पालकाची मार्गदर्शिका तेवढी घेत नाही. ही मोठी गफलत आहे, कारण ती पाठ्यपुस्तकं मुळात प्रशिक्षित शिक्षकांच्या हाती देण्यासाठी रचली गेली, आणि शाब्दिक उदाहरणं सोडवायला वापरलेल्या पट्ट्यांच्या आकृत्यांमागचा विचार मार्गदर्शिकेत आहे. खान अकॅडमी चूक की बरोबर हे तत्क्षणी सांगते, पण वहीतली रीत तिला दिसत नाही. विज्ञानाला मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी तयार केलेली 'स्मॉल सायन्स' ही प्राथमिक वर्गांची मालिका पाहण्यासारखी आहे. तिच्यात मुलाच्या पुस्तकाइतकाच भर शिक्षकाच्या पुस्तकावर आहे. दुकानात नमुना चाळताना मी धडा आधी पाहू नका म्हणेन. मार्गदर्शिकेत मुलाच्या चुकीच्या उत्तराबद्दल एखादा परिच्छेद आहे का, तेवढं बघावं.

लेखनात आणि इतिहासात उत्तरसूची नसते. इथे संचापेक्षा वाचक विकत घ्यावा, या मताचा मी आहे: महिन्याला दोन निबंध वाचून समासात लिहून देणारा माणूस वर्षभराच्या रंगीत खोक्यापेक्षा उपयोगी. तो मिळेपर्यंत पालकाने आपली पारख वाढवावी, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. कॉलेज बोर्ड हायस्कूलच्या मुलांसाठीच्या कॉलेज-पातळीच्या एपी परीक्षांचे निबंधाचे प्रश्न, मुलांची खरी उत्तरं आणि प्रत्येकाला तेवढेच गुण का दिले याचं स्पष्टीकरण खुलं करतं. इंग्रजीच्या निबंधाला सहा गुण, इतिहासातल्या कागदपत्रांवर आधारलेल्या निबंधाला सात. दोन आणि पाच गुणांची उत्तरं शेजारी ठेवून वाचली की व्याकरणशुद्ध निबंधही कमी गुणांचा का ठरतो ते कळू लागतं. आपण शुद्धलेखन तपासून समाधान मानतो, परीक्षक मात्र दावा आणि त्यामागचा पुरावा शोधत असतो. लहान मुलांसाठी ही पातळी जड आहे हे मान्य. पण पारख पालकाची वाढवायची आहे, मुलाची नंतर. इतिहासाला स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने तयार केलेले मूळ कागदपत्रांवरचे धडे याच कारणाने चांगले. ते मोफत आहेत आणि काय तपासायचं ते पालकाला सांगतात.

जीवशास्त्रात वेगळाच धोका आहे. तिथे मुलाची चूक राहिली बाजूला, पुस्तकाचीच कोण पकडणार असा प्रश्न पडतो. अमेरिकेतलं होमस्कूलिंगचं बरंचसं साहित्य पुराणमतवादी ख्रिस्ती प्रकाशकांचं आहे. अपोलोजिया किंवा अबेका यांची विज्ञानाची पुस्तकं नीटस, सोपी, भरपूर शिफारशी मिळालेली असतात आणि सृष्टी ईश्वराने निर्माण केली या भूमिकेतून लिहिलेली असतात. त्यांचे प्रकाशक हे लपवत नाहीत; पण विषय न येणारा मराठी पालक शिफारशींचे तारे मोजून पुस्तक मागवतो, आणि उत्क्रांती जिथे हवी तिथे ती नाही हे त्याला जाणवतही नाही. एपी जीवशास्त्राच्या चार मूलभूत संकल्पनांत उत्क्रांती पहिली आहे. ती गाळलेल्या किंवा खोडून काढलेल्या पुस्तकावर वाढलेलं मूल सोळाव्या वर्षी अडखळतं, तेव्हा दोष मुलाला दिला जातो.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: बाहेरचा वाचकच लागणार असेल तर मूल शाळेत का घालू नये? काहींनी जरूर घालावं. पण हायस्कूलच्या इंग्रजी शिक्षकापुढे सगळे वर्ग मिळून शंभरेक मुलं असतात, तिथेही प्रत्येक निबंध बारकाईने वाचला जात नाही. घरी एक मूल आणि भरपूर वेळ असतो. उणीव नेमक्या एका जागी असते आणि तेवढीच भरून काढणं स्वस्त पडतं. दुसरा उपाय सुचवला जातो तो मुलाबरोबर स्वतः शिकण्याचा. सहावी-सातवीपर्यंत तो उत्तम आहे. पुढे पालक मुलाच्या एक धडा पुढे राहण्यातच थकतो, आणि एक धडा पुढे असलेल्याला पाच धड्यांनंतर नडणारी चूक दिसत नाही. तिसरं, चॅटबॉट. बीजगणिताची पायरी तपासायला तो कामाचा, कारण तिथे त्याचं उत्तर पडताळता येतं. निबंधावरचे त्याचे शेरे आत्मविश्वासाने भरलेले असतात, पण ज्याला निबंधातली चूक दिसत नाही त्याला शेऱ्यातली चूकही दिसणार नाही. चौथा आक्षेप खर्चाचा, आणि त्याचं उत्तर कदाचित याच अंकाच्या वाचकांत आहे. आपल्या मराठी मंडळाच्या सभासदांत जीवशास्त्राचे संशोधक असतात, इथे शिकून मोठी झालेली, इंग्रजीत सफाईने लिहिणारी तरुण मंडळी असतात. एका घराने तीन मुलांचं गणित बघायचं आणि दुसऱ्याने तीन मुलांचे निबंध, अशी अदलाबदल विनाखर्च होते. फक्त परक्या मुलाच्या कामावर स्पष्ट लिहिण्याचा आपला संकोच सुटायला हवा.

नववीपासून पुढे मात्र घरगुती व्यवस्थेवर विसंबू नये. कम्युनिटी कॉलेजात हायस्कूलच्या मुलांना प्रवेश मिळत असेल, तर प्रयोगशाळेचा विषय तिथेच करावा. एपी परीक्षा होमस्कूलच्या मुलांनाही देता येते, पण त्यासाठी जवळपासच्या एखाद्या शाळेने त्यांना बसू द्यावं लागतं. शाळेवर सगळीकडे तसं बंधन नाही, आणि काही शाळा बाहेरची मुलं घेत नाहीत. परीक्षा मे महिन्यात असली तरी प्रश्नपत्रिकांची मागणी शाळेकडून नोव्हेंबरच्या मध्याला जाते, तेव्हा चौकशीचा फोन ऑगस्टमध्ये शाळा उघडताच करावा.