स्वस्त युरिया, महाग शेणखत

घोडबंदर रस्त्यावरील चेणे गावाच्या एका अंगास राष्ट्रीय उद्यानाचे रान, तर दुसऱ्या अंगास मुंबईची अफाट बाजारपेठ. सेंद्रिय भाजी पिकवावी ती अशाच ठिकाणी, असे गिऱ्हाइकास वाटते. परंतु हिशेब काय सांगतो? ४५ किलो युरियाची गोणी शेतकऱ्यास सुमारे २६६ रुपयांस मिळते. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलते. शेणखत आणि निंदणी यांचा खर्च मात्र त्याने स्वतः सोसावयाचा. शिवाय हंगामी पिकांस सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी साधारण दोन वर्षे जातात. त्या काळात उत्पन्न बहुधा घटते आणि वाढीव भावही मिळत नाही.

म्हणून रासायनिक खतांवर बंदी घालावी काय? श्रीलंकेने २०२१ साली त्यांची आयात एकाएकी थांबविली, आणि काही महिन्यांतच तिला माघार घ्यावी लागली. आमच्या मते खरा प्रश्न त्या दोन वर्षांच्या तुटीचा आहे. परंपरागत कृषी विकास योजनेतून तीन वर्षांत मिळून हेक्टरी १५,००० रुपये थेट शेतकऱ्याच्या हाती पडतात. एवढ्याने ही तूट कशी भरावी? सरकारने हे साहाय्य वाढवावे आणि आपण शहरवासीयांनी रास्त भाव द्यावा. एरव्ही चेण्यासारख्या गावी भाजी विकण्यापेक्षा जमीन विकणेच फायद्याचे ठरेल. मग दोष कोणास द्यावयाचा?