रोज रोज एफ-१२? छे!

असेम्बल्ड पीसीवाल्यांचा तोराच वेगळा. प्रोसेसर कुठला, रॅम किती, कॅबिनेटला पंखे किती, सगळं तोंडपाठ! लॅपटॉपवाल्यांकडे ते जरा दयेनेच बघतात. (मी त्यातलाच, म्हणून बोलायचा हक्क आहे.) पण यातले कित्येक जण रोज सकाळी गुपचूप एक विधी करतात. बटण दाबायचं, काळ्या स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस निवडा'छाप इंग्रजी ओळ आली की रीस्टार्ट मारायचा, एफ-१२ बडवायचं (असूसचा बोर्ड असेल तर एफ-८, एमएसआयचा असेल तर एफ-११), यादीतून हाताने डिस्क निवडायची. मग विंडोज झक्कास सुरू! चालतंय ना? मग चालू दे.

माझ्या मावसभावाचंही असंच चालू होतं. तो सिडकोत राहतो, लग्नाचे फोटो काढतो. ऐन सीझनमध्ये वैतागून त्याने पीसी दुकानात नेला आणि तिथूनच मला फोन केला.

"दादा, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू म्हणतोय हा. हो म्हणू का?"

"हाताने निवडलं की विंडोज येतंय ना?"

"येतंय की."

"मग अजिबात हो म्हणू नको. पीसी उचल आणि घरी ये."

त्या डिस्कवर तीन लग्नांचे फोटो होते, अजून पार्ट्यांना द्यायचे बाकी. नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर उभं करणार का?

मंडळी, साधा हिशेब आहे. हाताने निवडल्यावर विंडोज उघडतं, म्हणजे विंडोज धडधाकट आहे, फोटोही जागेवर आहेत. आधी कुणाला हाक मारायची, एवढंच मदरबोर्ड विसरलाय. त्यावर फॉरमॅट म्हणजे घराचा पत्ता हरवला म्हणून घरच पाडायचं!

घरी आल्यावर डिलीट दाबून बायोस उघडलं. तारीख काही वर्षांपूर्वीची, १ जानेवारी. चोर सापडला! बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर २०३२. (नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२.) ती संपली की घड्याळ मागे पडतं आणि बऱ्याच बोर्डांची सेटिंग पुसली जातात. भाऊ क्रम लावायचा, रात्री सगळं बंद व्हायचं, सकाळी बोर्ड पुन्हा रिकामी जुनी हार्ड डिस्क आधी धरायचा. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं मेन बटण बंद करायची शिस्त आहे. लोडशेडिंग बघितलेली घरं ही! पण प्लगमध्ये करंट असला तर बॅटरीवर भार येत नाही, मेन बंद केलं की रात्रभर तीच राबते. घड्याळ चुकलं की वेबसाइटसुद्धा 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून कुरकुरतात, ही आणखी एक खूण.

नवी बॅटरी नान-खलियाच्या प्लेटपेक्षा स्वस्त. प्लग काढायचा, अधिक खुणेची बाजू वर ठेवून बॅटरी बसवायची, तारीख-वेळ लावायची आणि बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सगळ्यात वर न्यायचं. जुन्या पद्धतीच्या बोर्डात डिस्कचं नाव दिसेल, तर विंडोजवाली डिस्क वर. झालं.

घड्याळ बरोबर असूनही रोज तोच तमाशा? मग लोच्या वेगळा. नवा एसएसडी लावताना जुनी हार्ड डिस्क जोडलेलीच असेल, तर विंडोज एसएसडीवर बसतं, पण सुरू होण्याच्या फाइल्स कधीकधी जुन्या डिस्कवरच ठेवतं. हे डेंजर! ती म्हातारी गेली की नवाकोरा एसएसडीही मुका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' कुठल्या डिस्कवर आहे ते बघा. जुनीवर दिसलं तर आधी बॅकअप घ्या, मग जाणकाराकडून त्या फाइल्स एसएसडीवर लिहून घ्या. त्यासाठी विंडोजमध्येच 'बीसीडीबूट' नावाची कमांड आहे, फॉरमॅटची गरज नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला आणि विंडोज ११ साठी अनेकांनी बायोसमध्ये बोटं घालायला सुरुवात केली. तिथे 'सीएसएम' नावाचं सेटिंग बंद केलं की जुन्या एमबीआर पद्धतीची डिस्क बूटच्या यादीतून गायब होते. घाबरू नका, डेटा गेलेला नसतो. सेटिंग परत चालू करा, डिस्क यादीत येते. मग मायक्रोसॉफ्टच्याच 'एमबीआर टू जीपीटी' या टूलने पद्धत बदलता येते, अर्थात बॅकअप घेऊनच. मात्र या कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते बघा. असेल तर तो मध्येच ४८ आकडी की मागू शकतो. ती कागदावर लिहून ठेवा, त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर नको!